विनीतामावशींचा 'हं'

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या निम्म्या मराठी घरांनी कधी ना कधी विनीता पाटणकरांना फोन केलेला आहे. कुणाची नोकरी गेलेली असते. कुणाच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या असतात आणि तिसऱ्याच आठवड्यात दोघींना एक किचन पुरेनासं होतं. कुणाची मुलगी भरतनाट्यमचा क्लास सोडून देते आणि आईला वाटतं, आता सगळं हातचं गेलं. अशा वेळी माणसं महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना फोन करत नाहीत, कारण अध्यक्ष सल्ला देतात. विनीतामावशी सल्ला देत नसत. त्या ऐकत, आणि ऐकताना 'हं' म्हणत.

हा हं साधासुधा नव्हता. एक हं होता तो 'पुढे सांग' असा, तुटक आणि हलका. एक लांबत जाऊन शेवटी खाली उतरणारा. तो ऐकला की सांगणाऱ्याला वाटे, चला, निदान एका माणसाला तरी कळलं. एक अगदी नाकातला होता, त्याचा अर्थ 'त्या बाईचं चुकलंच' असा होई. पण शब्द काही उच्चारलेला नसल्यामुळे मावशींनी कुणाविरुद्ध काही म्हटल्याचं कुणाला सिद्ध करता येत नसे. लोक म्हणत, मावशींशी बोललं की बरं वाटतं. खरं तर मावशींशी कुणी बोलतच नसे, सगळे मावशींना सांगत असत. दुपारी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसत आणि तिथेही म्हाताऱ्या अमेरिकन बायका चष्म्याचं काम झाल्यावर उगाच रेंगाळत. हं कळायला मराठी यावं लागत नाही.

हा हं त्यांनी कराडहून आणला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची आई दुपारी तांदूळ निवडायला बसे आणि निवडता निवडता गोष्ट सांगे. मागे सतरंजीवर दोन पोरं पडलेली असत, विष्णू आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान विनू. आईची नजर ताटात, खड्यांवर. पोरं ऐकताहेत की नाही हे तिला वळून बघायला सवड नसे, म्हणून तिचा नियम होता: "हुंकार द्या रे. मी भिंतीशी बोलत नाहीये." हुंकार थांबला की गोष्ट थांबे. आता दुपारची वेळ, पोट भरलेलं, विनूचा डोळा लागायचाच. मग विष्णू दोन हुंकार द्यायचा. एक स्वतःचा, आणि पाठोपाठ एक बारीक, नाकातला, विनूच्या वाटचा. गोष्ट पुढे चाले. आईला ही चोरी कळत होती की नाही, हे दोघांना कधी समजलं नाही. ती काही म्हणायची नाही, खडे काढत राहायची.

लहानपणी आपल्या वाटचा हुंकार देणाऱ्या या भावाशी विनीतामावशी आठ वर्षं धड बोललेल्या नव्हत्या.

झालं ते असं. अठ्ठ्याण्णव साली त्यांचे यजमान कुमार पाटणकर यांची बायपास झाली, आणि नेमक्या त्याच सुमाराला कराडला आईनं अंथरूण धरलं. विष्णूनं कळवलं नाही. आईनंच सांगितलं होतं म्हणे, तिला कळवू नकोस, ती नवऱ्याला टाकून कशी येईल. मावशींना कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "दादा, मी तिची कुणीच नव्हते का?" विष्णू मुळात पाटबंधारे खात्यातला, मोजकं बोलणारा माणूस. तो 'ठेवतो' एवढंच म्हणाला. त्यानंतर वर्षातून दोनदा फोन, संक्रांतीला आणि भाऊबीजेला. बरं आहे ना? बरं आहे. थंडी पडली का? पडली. ठेवतो.

एक प्रश्न मात्र मावशींच्या मनात ठाण मांडून बसला होता आणि तो त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. शेवटी आईनं आपलं नाव काढलं का? काढलं असेल तर आपण तिथे नव्हतो. काढलं नसेल तर त्याहून वाईट. दोन्ही उत्तरांची भीती असली की माणूस विचारतच नाही. सबंध ट्रॉयची दुखणी ऐकून घेणाऱ्या या बाईचं स्वतःचं दुखणं ऐकायला कुणी नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. आपल्याला मात्र त्यांच्या वतीनं राग येतो.

आता कुमारकाकांकडे यायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यांनी केला.

कुमारकाका गाड्यांच्या सीटची बटणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा लवकर रिटायर झाले आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक चालू वस्तूची सुधारणा करू लागले. दोन हजार सहाच्या पानगळीत त्यांनी टेलिफोन सुधारायला घेतला. भिंतीतून येणारी फोन कंपनीची लाइन त्यांनी काढून टाकली आणि इंटरनेटवरून बोलायचा फोन आणला. तोही वायरचा नव्हे. मोबाइलएवढा एक हँडसेट. त्यातला आवाज घरातल्या हवेतून बेसमेंटमधल्या राउटरपर्यंत जाणार आणि तिथून इंटरनेटनं जगात कुठेही. "कॉलिंग कार्ड नको, तो पिन नंबर दाबत बसायला नको," काका म्हणाले. "अख्ख्या घरात कुठूनही कराडला लोकल कॉल केल्यासारखं बोल."

पण राउटर होता बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, आणि किचनमध्ये आवाज तुटायचा. मायक्रोवेव्ह लावला तर समोरचा माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायचं. काकांनी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी डकवली की फोन चालू असताना काही गरम करू नये. मग हँडसेट कानाला लावून ते घरभर हिंडले. प्लेनोला त्यांचा जुना मित्र मोहन राहतो, त्याला फोन लावून म्हणायचे, "मोहन, मी आता जिन्यात आहे, कसं येतंय? आता लाँड्री रूममध्ये आलो, आता?" मोहन सोशिक माणूस आहे.

शेवटी फोनच्या सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी काकांना इलाज सापडला. दुसऱ्या दिवशी ब्रेकफास्टला त्यांनी तो बायकोला समजावून सांगितला.

"अगं, बोलताना माणूस अर्धा वेळ गप्प असतो. हा बावळट फोन ती शांतता पण पाठवत बसतो. वायरलेसवर उगाच ट्रॅफिक! मी ते बंद केलं. आवाज असेल तर पाठव, नाहीतर काहीच पाठवू नको."

"गप्प असताना तो काय पाठवतो?"

"काही नाही. तेच पाठवतो ना! वेस्ट आहे सगळं. आणि गंमत माहितीये? पलीकडच्याला फोन डेड वाटू नये म्हणून हे लोक एक खोटी खरखर घालून देतात. म्हटलं, खोटं कशाला? ती पण ऑफ केली."

विनीतामावशी "हं" म्हणाल्या.

काकांनी मोहनला फोन लावला आणि लाँड्री रूमसकट सगळ्या खोल्यांतून बोलले. "क्रिस्टल क्लियर आहे, यार," मोहन म्हणाला. त्या घरात अर्धा वेळ गप्प असणारं माणूस एकच होतं आणि ते कुमारकाका नव्हते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर मावशींच्या फोनवर माणसं मधेच "हॅलो? मावशी? आहात ना?" असं विचारू लागली. मावशी मोठ्यानं "आहे, आहे, बोल" म्हणत आणि बोलणं पुन्हा सुरू होई. त्यांना वाटे, नव्या फोनची अजून लोकांना सवय नाही. मग फोन आखूड होऊ लागले. मग कमी झाले. मावशींनी स्वतःची समजूत घातली की पोरीबाळी आता रुळल्या, त्यांना कशाला लागते रोज मावशी. पण संध्याकाळी स्वयंपाक करताना त्या हँडसेट ओट्यावर जवळ ठेवत आणि तो वाजत नसे. त्यांना ते लागलं, आणि त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही.

भाऊबीज आली. नेहमीप्रमाणे सकाळी त्यांनी कराडला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. बरं आहे ना? बरं आहे. थंडी पडली का? पडायला लागली. एवढं झाल्यावर विष्णू 'ठेवतो' म्हणणार म्हणून मावशी थांबल्या. तो ठेवतो म्हणाला नाही.

"विनू, वेळ आहे तुला?"

"आहे की. का रे?"

"आईचं सांगायचं होतं. सांगेन सांगेन म्हणतोय आणि राहून जातंय. तू ऐक फक्त. मधे काही विचारू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही."

मावशी किचनमधल्या खुर्चीवर बसल्या. "हं," त्या म्हणाल्या.

विष्णूनं सुरुवात केली. आईला हॉस्पिटलमध्ये राहायचं नव्हतं, घरी आणली. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली. शेवटी शेवटी ती सारखी बोलत असायची. "आम्हाला वाटलं, भ्रम झालाय. तुझी वहिनी म्हणाली, डॉक्टरांना बोलवा. पण मी नीट ऐकलं तर ती गोष्टी सांगत होती गं. आपल्याच. तांदूळ निवडतानाच्या."

"हं," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

विष्णू प्रत्येक वाक्यापाशी थांबत होता. मावशींना वाटलं, त्यालाही जड जातंय. म्हणून त्या त्याला आधार द्यावा तसा दर वेळी हुंकार देत होत्या, हळूच, कारण मोठ्यानं काही म्हणायला गेलं तर रडू फुटलं असतं.

"ऐकतेयस?" त्यानं विचारलं.

"हं."

"शेवटच्या दिवशी दुपारी," विष्णू म्हणाला, "तिनं तुझं..." आणि थांबला. "विनू?"

मावशींनी स्वेटरची बाही तोंडावर दाबून धरली होती. आठ वर्षं ज्याची भीती वाटत होती ते आता येणार होतं. "हं," त्या म्हणाल्या. "हं."

 मग विष्णूचा आवाज आला, ऑफिसात बाहेरच्या माणसाशी बोलावं तसा. "बरं. राहू दे. कुमाररावांना सांग विचारलं म्हणून. ठेवतो."

मावशी हँडसेट हातात घेऊन तशाच बसल्या. तिनं तुझं काय? तिनं तुझं नाव काढलं? तिनं तुझं नावसुद्धा काढलं नाही? बेसमेंटमधून कुमारकाका वर आले. "कसं होतं? क्लियर ना?"

"हो," मावशी म्हणाल्या. "अगदी क्लियर."

पुढचे काही शनिवार त्यांनी कराडला फोन लावला. दर वेळी नीलावहिनी उचलत. ते देवळात गेलेत. ते पडलेत जरा. ते बाहेर आहेत. नीलावहिनी एरवी बडबडी बाई, पण आता त्यांच्या बोलण्यात ओल नव्हती. मावशींनी अर्थ काढला तो असा की दादाला सांगवलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. आईनं नाव काढलं नाही. मग मावशींनी शनिवारचा फोन लावणंही थांबवलं.

डिसेंबरात एकदा त्या इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडत होत्या. तिथे रुपाली भेटली. या मुलीच्या नवऱ्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती आणि तेव्हा ती दर दोन दिवसांनी मावशींना फोन करायची. आता ती आधी दुसऱ्या रांगेत वळली, मग परत आली.

"मावशी, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"तुझं? काय गं?"

"नाही म्हणजे, लास्ट टाइम मी इतकं सगळं सांगत होते, शेवटी रडले पण. आणि तुम्ही काही म्हणालाच नाहीत. मला वाटलं, मावशी फोन बाजूला ठेवून भाजी करतायत." रुपालीचे डोळे पुन्हा भरले. "इट्स ओके, मी खूप त्रास दिला तुम्हाला..."

"अगं, मी सगळं ऐकत होते. सारखी हं म्हणत होते की मी."

"नाही मावशी. एकदम ब्लँक. वाटायचं, कटच झाला. मग मी हॅलो केलं की तुम्ही लगेच 'आहे, आहे' म्हणायचात."

मावशी हातात भेंडी धरून उभ्या राहिल्या. "हं," त्या म्हणाल्या, तो लांबणारा, खाली उतरणारा.

"हा!" रुपाली म्हणाली. "हाच! हा फोनवर येतच नाही हल्ली."

भेंडी तिथेच राहिली. मावशी घरी आल्या, कोटसुद्धा न काढता त्यांनी काकांना हाक मारली. "अहो, तुमचा सेल घ्या आणि गॅरेजमध्ये जाऊन उभे राहा."

"गॅरेजमध्ये? तिथे थंडी..."

"जा म्हणते ना."

त्यांनी नव्या फोनवरून काकांच्या सेलला फोन लावला. "आता काहीतरी सांगा मला."

"काय सांगू?"

"काहीही. तुम्हाला कधीपासून विषय लागायला लागला?"

समोर बर्फ उडवायचा स्नो ब्लोअर होता, काकांनी त्याच्यावर सुरुवात केली. त्याचा बेल्ट, गेल्या वर्षी तो कसा तुटला, दुकानदारानं चुकीचा पार्ट कसा दिला. मावशी किचनमध्ये उभ्या राहून दर वाक्याला हं म्हणत होत्या. सगळ्या प्रकारचे म्हटले. नाकातलासुद्धा म्हटला, दुकानदारासाठी. काकांचं बोलणं मात्र हळूहळू ढिलं पडत गेलं आणि बेल्टच्या मधेच थांबलं. "विनीता? आहेस का? ऐकतेयस ना?"

तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न बायकोला पहिल्यांदा विचारला होता.

ते आत आले. "मधे काही म्हणालीस?"

"सारखी म्हणत होते."

"काय?"

"हं."

काका खुर्चीवर बसले. ते हुशार आहेत, त्यांच्या डोक्यात सगळं एका दमात लागलं. "ओह नो," ते म्हणाले. "तोंड मिटून, नाकातून, एवढासा. फोनला तो आवाज वाटतच नाही गं. फर्नेसचा फॅन वाटतो. म्हणून तो कापतो. आणि खरखर पण मीच ऑफ केली, म्हणजे पलीकडे टोटल सायलेन्स." मग घाईघाईनं म्हणाले, "पण मी टेस्ट केलं होतं! सगळ्या रूम्समधून!"

"बोलून केलंत."

"मग? फोनवर माणूस बोलूनच..." आणि ते गप्प झाले. कुमारकाकांना हुंकार देताना कुणी कधी पाहिलेलं नाही. दुसरा बोलत असतो तो वेळ त्यांना श्वास घेण्यापुरता असतो. त्यांच्यासाठी तो फोन अगदी मापात होता.

मग मावशींनी त्यांना भाऊबीजेचं सांगितलं. दादा काय सांगत होता, कुठे थांबला, त्या काय समजून बसल्या. अर्धवट राहिलेलं ते वाक्यही सांगितलं. आठ वर्षांचा तो प्रश्नही पहिल्यांदा मोठ्यानं म्हणून दाखवला. काकांनी मधे एक शब्द टाकला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझ्या बायपासमुळे तुला जाता आलं नाही," ते म्हणाले. "आणि आता हे पण मीच केलं. मी काय करू, विनीता? मला खूप वाईट वाटतंय."

"मुद्दाम केलंत का? बायपास तरी मुद्दाम केली होती का? उठा, ते आधी काढा."

काका खाली गेले. बराच वेळ खुडबुड करून वर आले, शांतता गाळायची ती सेटिंग काढून आणि खोटी खरखर परत घालून. पुन्हा कोट चढवून गॅरेजमध्ये गेले. मावशींनी फोन लावला आणि म्हटलं, "हं."

"आला!" गॅरेजमधून फोनशिवायही ऐकू आलं. "आला गं! पुन्हा म्हण."

"हं."

"पुन्हा एकदा."

त्या म्हणत राहिल्या. काका मोठ्या आवाजाचे, पण त्या वेळी पलीकडून त्यांचा काहीच आवाज येत नव्हता. थंडीत, स्नो ब्लोअरशेजारी उभे राहून ते नुसते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःचा सेल आणि जुनं कॉलिंग कार्ड पुढे केलं. "रिस्क नको. ह्याच्यावरून लाव."

"नको," मावशी म्हणाल्या. "ज्यानं गिळलं त्यानंच पोचवायचं."

कराडला नीलावहिनींनीच उचललं. "ते बाहेर..."

"वहिनी, बाहेर नाहीत ते. बातम्या लागल्यात, मला इथपर्यंत ऐकू येताहेत."

नीलावहिनींचं एवढे दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. "वन्सं, राग मानू नका. ह्यांनी एवढं मन घट्ट करून तुम्हाला सांगायला घेतलं, आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. भरल्या ताटावर बसलेला माणूस न जेवता उठला त्या दिवशी. तिला नाही ऐकायचं, म्हणाले. आता पुन्हा नका काढू तो विषय."

"वहिनी, मी सारखी हं म्हणत होते. शप्पथ. फोन पाठवत नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या ह्यांनी फोनला शिकवून ठेवलं होतं की हं म्हणजे काहीच नाही."

 मग नीलावहिनी म्हणाल्या, "पुरुषांना शिकवावं लागत नाही, फोनला लागत असेल," आणि त्यांच्या आवाजात पूर्वीची ओल आली. "अहो! टीव्ही बंद करा आधी. वन्संचा फोन आहे. या इकडे."

विष्णू आला. "बोल," म्हणाला, त्याच ऑफिसच्या आवाजात.

"दादा, वहिनीला सांगितलंय काय झालं ते, ती सांगेल तुला. तू जिथे थांबलास तिथून पुढे सांग. शेवटच्या दिवशी दुपारी. तिनं तुझं, एवढं म्हणालास."

"ऐकणार आहेस?"

"हं," मावशी म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "आला का?"

"काय?"

"हं."

"आला की. न यायला काय झालं?"

कुमारकाका चहाचा कप घेऊन किचनच्या दारात उभे होते. चहा थंड झाला होता. मायक्रोवेव्ह हाताशी होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तसाच थंड चहा पिऊ लागले.

"तिनं तुझं नाव घेतलं," विष्णू म्हणाला. "डोळे मिटलेले होते. गोष्ट सांगता सांगता मधेच म्हणाली, विनू, ऐकतेयस ना गं?"

"हं."

"आता मी काय करणार होतो? ती इथे नाही, असं मला सांगवेना. मी तिला कळवलंच नाही, असं कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून मग मी..." विष्णूचा आवाज फाटला. "आपण करायचो तसं केलं गं. बारीक आवाज काढून. तुझ्या वाटचा हुंकार दिला."



"हे तुला कसं सांगायचं, हेच मला आठ वर्षं कळत नव्हतं. मरणाऱ्या आईला मी फसवलं. तुला बोलावलं नाही ते नाहीच, वर तुझ्या जागी पण मीच बसलो. म्हटलं, हे कळल्यावर तू माझं तोंड बघायची नाहीस. आणि त्या दिवशी तू गप्प राहिलीस तेव्हा वाटलं, झालं, हिला माझं काही ऐकायचंच नाही."

"आणि आई?" मावशींनी विचारलं. "आई काय म्हणाली?"

"आई हसली," विष्णू म्हणाला. "डोळे उघडले नाहीत, पण हसली. म्हणाली, झोपली ना ती? दोन्ही हुंकार तूच देतोयस. झोपू दे तिला, दमली असेल."

म्हणजे आईला कळत होतं. त्या सगळ्या दुपारी, सगळ्या उन्हाळ्यांत, ताटातली नजर न काढता तिला कळत होतं, कुठला हुंकार कुणाचा. आणि शेवटच्या दुपारी ती दाराकडे डोळे लावून बसलेली नव्हती. तिच्या हिशेबी विनू तिथेच होती, पाठीमागे सतरंजीवर, झोपलेली.

मावशींना खूप काही म्हणायचं होतं. दादा, तू फसवलं नाहीस. दादा, माझ्या वाटचं तू केलंस, तेव्हाही आणि लहानपणीही. दादा, आठ वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नाही. पण त्यातलं एकही अक्षर बाहेर पडेना. त्यांनी डोळे पुसले आणि जे निघालं ते म्हटलं.

"हं."

पलीकडे विष्णूनं तो ऐकला. नाक ओढलं, घसा साफ केला.

"मग पुढची गोष्ट पण तिनं सांगितली," तो म्हणाला. "ती तू कधीच पूर्ण ऐकली नाहीस, दर वेळी झोपायचीस. आता ऐक. एक होता सावकार..."

"हं," विनू म्हणाली.